गाठींच्या जागेवरची बाग

१८४४ सालापर्यंत मुंबईच्या कोटात, सेंट थॉमस चर्चच्या समोरच्या मोकळ्या मैदानात, कापसाच्या गाठींचे ढीग रचलेले असत. गुजरात, खानदेश, वऱ्हाड अशा ठिकठिकाणचा माल तिथे येऊन पडे. विकत घेणारा मूठभर रुई उपसून बोटांच्या चिमटीत ताणून बघे आणि तिथल्या तिथे सौदा ठरे. मैदानाचं नाव बॉम्बे ग्रीन, पण व्यापाऱ्यांच्या तोंडी ते कॉटन ग्रीनच होतं. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटाला लागलेली मोठी आग शहर विसरलं नव्हतं, आणि दाटीवाटीच्या वस्तीत रुईचे ढीग म्हणजे दुसऱ्या आगीला आमंत्रण. अखेर सरकारने कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला.

त्या मैदानावर आज अडीच एकरांची एक गोल बाग आहे. तिचं नाव हॉर्निमन सर्कल.

मुंबई बघायला आलेला विदर्भातला माणूस सहसा इथे येत नाही. गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, चौपाटी, आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरच्या माणसाचंही असंच होतं. राजूर हे वणीजवळचं गाव, कोळसा आणि चुनखडीचं. भागात त्याला ‘राजूर कॉलरी’ म्हणूनच ओळखतात. खाणींमुळे कुठकुठली माणसं इथे पोटापाण्यासाठी आली आणि इथलीच झाली. पण खाणींच्या आणि चुनाभट्ट्यांच्या पलीकडे नजर टाकली की चहूकडे काळी कसदार जमीन आणि तिच्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. वणीच्या स्टेशनावर नंदीग्राम एक्स्प्रेस धरली की ती आदिलाबाद, नांदेड, छत्रपती संभाजीनगरचा वळसा घेत थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आणून सोडते. तिथून हॉर्निमन सर्कल पायी पंधरा-वीस मिनिटांवर. मुंबईतल्या सगळ्या बागांमध्ये या एका बागेचं नातं वणी-यवतमाळच्या मातीशी सर्वांत जवळचं आहे. म्हणून तिकडे वाट वाकडी केलीच पाहिजे.

स्टेशनाकडून आत शिरलं की जुनी टाकसाळ आणि रिझर्व्ह बँकेचा परिसर लागतो. त्यापुढे रस्ता एकदम उघडतो. पूर्वेला टाउन हॉल: उंच पायऱ्या, ग्रीक मंदिरात शोभावेत असे दणकट खांब. १८३३ साली पुरी झालेली ही इमारत कर्नल थॉमस काउपरने आखली, आणि एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय तिच्यातच आहे. पश्चिमेला सेंट थॉमसचं चर्च. ते १७१८ च्या नाताळात उघडलं. कोटाच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे येत, त्या दरवाजाचं नाव पुढे चर्चगेट स्टेशनाला मिळालं. मुंबईतले जुने मैलाचे दगडही या चर्चपासूनच अंतर मोजत. या दोन इमारतींच्या मधोमध बाग, आणि बागेला वळसा घालणाऱ्या, एका उंचीच्या, एका ठेवणीच्या दगडी इमारतींची कमान. खाली सलग पडवी, ऊन-पावसात त्या सावलीतून फिरता येतं. पडवीच्या कमानींकडे मान वर करून नीट बघितलं तर मधल्या दगडांवर कोरलेले चेहरे दिसतात. त्यांच्याखालून रोज हजारो माणसं जातात, पण मान वर करणारा विरळाच.

ही बाग कोणा राजाच्या हौसेतून आलेली नाही. कापूस कुलाब्याला गेल्यावर मैदान ओस पडलं. कचरा, नारळाच्या करवंट्या, धूळ. मैदानात लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा छत्रीखाली उभा होता. भोवतालच्या लोकांनी त्याला देव करून टाकलं, फुलं वाहिली, नवस बोलले आणि त्या जागेला ‘छोटा देवळ’ म्हणू लागले. साहेबांना हे रुचलं नाही, पण लोकांनी दाद दिली नाही. तो पुतळा आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

मैदानाचं काहीतरी करावं, ही कल्पना चार्ल्स फोर्जेटची. तो मुंबईचा पोलीस अधिकारी, १८५७ च्या धामधुमीत वेष पालटून शहरात फिरण्यासाठी प्रसिद्ध झालेला. मधोमध वर्तुळाकार बाग आणि भोवती इमारती, असा त्याचा आराखडा होता. आधी गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आणि नंतर सर बार्टल फ्रिअर यांनी तो उचलून धरला. नगरपालिकेने जमीन घेतली, तिचे भूखंड पाडले आणि ते व्यापारी पेढ्यांना विकून चांगला नफा कमावला. इमारतींची मांडणी जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाची. १८७२ पर्यंत बाग सजली, आणि नाव पडलं एल्फिन्स्टन सर्कल.

भूखंडांना एवढा भाव कुठून आला, हा प्रश्न इथे उभ्या राहिलेल्या वऱ्हाडी माणसाने विचारायलाच हवा.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तुटला. गिरण्यांना रुई हवी होती, मिळेल तिथून, मिळेल त्या भावाने. मुंबईचा भाव वर्षभरात असा चढला की सावकार, दलाल, दुकानदार, सगळे कापसात उतरले. मुंबईत पैशाचा पूर आला. कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, रोज नवी बँक. या सट्ट्याचा बादशहा प्रेमचंद रायचंद. त्याने दिलेल्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. समभागांचे दलाल त्याआधीपासूनच टाउन हॉलसमोरच्या वडांच्या सावलीत जमत. आजचा मुंबई शेअर बाजार आपला उगम त्या झाडांखालीच सांगतो.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतलं युद्ध संपलं. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस, आणि त्या दिवशी मुंबईतले मोठमोठे लोक दिवाळखोर ठरले. थोड्या काळाने बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. पण एल्फिन्स्टन सर्कलचा दगड जागेवर राहिला. कापसाचा तेजीतला पैसा जे थोडंबहुत टिकाऊ मागे ठेवून गेला, त्यात हे वर्तुळ आहे.

आणि वऱ्हाड? मुंबईच्या इतिहासाच्या पुस्तकांत तेजीचं प्रकरण प्रेमचंदपासून सुरू होऊन दिवाळ्यापाशी संपतं. कापूस पिकवणाऱ्याचा उल्लेख आला तर एका ओळीत. वास्तविक वऱ्हाडचा कापूस मुंबईला फार आधीपासून येत होता. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडचा माल बैलांच्या पाठीवर लादून मुंबईकडे पाठवला. त्यापूर्वी तो उत्तरेला गंगाकाठच्या मिर्झापूरकडे जाई. घाट, नद्या, चिखल, आणि बंजाऱ्यांचे तांडे. वाटेत रुईला पाणी लागे, धूळ लागे, आणि मुंबईच्या ग्रीनवर पोचेपर्यंत तिचा रंग उतरलेला असे. मुंबईचे व्यापारी मग वऱ्हाडी कापूस मळका म्हणून नाक मुरडत.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. या दोन घटना एका वर्षी झाल्या आणि पुढे एकमेकींना भेटल्या. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे वऱ्हाड ओलांडत १८६७ मध्ये नागपूरला पोचली, म्हणजे युद्धाची तेजी ओसरल्यानंतर. खामगावच्या कापूस बाजारापर्यंतचा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. सगळ्यात चढा भाव होता तेव्हा वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा माल बंडीवर होता, आणि दाराशी रेल्वे आली तेव्हा भाव उतरला होता. वणीचा मुलूख तर त्याहून आडवळणाला. इंग्रजी दप्तरात या जिल्ह्याचं नावच तेव्हा वणीवरून ‘वूण’ होतं. यवतमाळ जिल्हा हे नाव १९०५ च्या पुनर्रचनेनंतरचं. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी, लोकांची लाडकी शकुंतला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने चालवायला घेतली ती कापसासाठीच. तिच्यातून गाठी मूर्तिजापूरला जात, तिथे मोठ्या गाडीत चढत आणि मुंबईला येत. किलिक निक्सनची कचेरीही याच कोट भागात.

म्हणजे रुळांचं एक टोक पऱ्हाटीच्या शेतात होतं आणि दुसरं या बागेच्या आसपासच्या पेढ्यांत. हिशेब पेढीत होत होता, आणि आजवरच्या इतिहासाने हिशेबाचीच बाजू नीट जपली.

शेताची बाजू कशी असते ते वणी-राजूरकडे दिवाळीच्या आगेमागे दिसतं. पहिली बोंडं फुटली की वेचणीआधी सीतादही होतं. शेतात पाच खडे मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, दही-भाताचा नैवेद्य दाखवायचा, थोडा भात शेतात शिंपडायचा आणि मग बायका ओटीचं फडकं बांधून तासात शिरतात. वेचणी हे जवळजवळ सगळं बायांचं काम. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईइतकी बोचरी, त्यामुळे हंगाम संपेस्तोवर बोटांच्या पेरांवर चिरा पडतात. सकाळी दव असताना वेचलं तर कापूस ओला भरतो, उन्हात वेचलं तर त्यात पाचोळ्याचा चुरा येतो. किडक्या बोंडातली पिवळी कवडी वेगळी ठेवावी लागते, ती पांढऱ्यात मिसळली की सगळ्याचाच भाव पडतो. मजुरी किलोवर मिळते. ज्या प्रतवारीवर मुंबईचा दलाल मूठभर रुई चिमटीत धरून निर्णय देत असे, ती खरी ठरते या बाईच्या बोटांत.

भाव पडण्याची गोष्ट १८६५ मध्ये संपली नाही. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांनंतर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि त्यांनी यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, ती तारीखही १ जुलै होती, साल २००६. दोन तारखा जुळण्याला काही अर्थ नाही. पण दोन्ही वेळा दूरच्या बाजारात ठरलेल्या भावाचं ओझं काळ्या जमिनीवरच्या घरावर पडलं, यात मोठा अर्थ आहे.

राजूरच्या माणसाला या बागेभोवती आणखी एक ओळखीची गोष्ट भेटेल: चुना. राजूरला चुनखडी आणि कोळसा शेजारी-शेजारी सापडतात, म्हणून तिथे भट्ट्या आल्या. भट्टीत दगडाचा एक थर, कोळशाचा एक थर असं भरत जायचं आणि आच द्यायची. आत साधारण नऊशे अंशांच्या पुढे उष्णता गेली की दगडातला वायू निघून जातो आणि हलका, पांढरा कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकलं की तो सूं-सूं करत फुलतो, वाफ सोडतो, आणि हात लावला तर भाजतं. हॉर्निमन सर्कलच्या आसपासच्या चर्च, टाउन हॉल, टाकसाळ या इमारती सिमेंट येण्याच्या आधीच्या, चुन्यात बांधलेल्या. राजूरचा चुना तिथे लागला असं नव्हे. तो तेव्हा मुंबईला येण्याचं कारण नव्हतं. पण अशा भिंतींची डागडुजी करताना सिमेंट थापलं तर दगडाचा श्वास कोंडतो, ओल आत अडकते आणि दगड फुगून फुटतो. तिथे परत चुनाच लागतो, आणि तो मळणारे जाणते हात आता शोधावे लागतात. भट्टीवर ज्यांची उमेदीची वर्षं गेली त्यांचं ज्ञान वारसा जपणाऱ्या शहराला हवं आहे. राजूरच्या पोराने या भिंतींकडे पाहुण्यासारखं बघू नये.

बागेचं आजचं नाव बेंजामिन हॉर्निमन या इंग्रज संपादकाचं. १९१३ मध्ये फिरोजशहा मेहतांनी काढलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा तो संपादक झाला. होमरूल चळवळीत होता, रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींच्या सत्याग्रह सभेत होता. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाच्या बातम्या दडपल्या जात असताना क्रॉनिकलने त्या छापल्या. एप्रिल १९१९ संपायच्या आत सरकारने त्याला जहाजात बसवून देशाबाहेर काढलं, आणि त्याचा वार्ताहर गोवर्धन दास याला तुरुंगात धाडलं. इंग्लंडमध्ये बसून हॉर्निमनने अमृतसरवर पुस्तक लिहिलं. १९२६ मध्ये तो परत भारतात आला आणि १९४८ मध्ये, स्वतंत्र झालेल्या देशात, वारला. एल्फिन्स्टनचं नाव काढून त्याचं नाव बागेला दिलं ते स्वातंत्र्यानंतर. बागेला लागून असलेल्या रस्त्याला सय्यद अब्दुल्ला ब्रेलवींचं नाव आहे, क्रॉनिकलचे पुढचे संपादक. त्याच रस्त्यावरच्या लाल इमारतीतून ‘मुंबई समाचार’ निघतो. तो १ जुलै १८२२ ला सुरू झाला आणि आजही चालू आहे.

वणीच्या लोकांना हा काळ परका नाही. लोकनायक बापूजी अणे वणीत १८८० साली जन्मले, टिळकांच्या पठडीत वाढले, आणि १९३० मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या जंगल सत्याग्रहाचे पुढारी झाले. क्रॉनिकलसारखी पत्रं तेव्हा अशा सत्याग्रहांच्या बातम्या देशभर नेत.

बोलण्याच्या हक्काचा धागा इथे पुढेही सापडतो. लेखिका दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं समोरच्या एशियाटिकमध्ये वाचत बसत. डिसेंबर १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष म्हणून त्या आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली ती याच ग्रंथालयात. बागेतल्या बाकावरून त्या पायऱ्या समोर दिसतात. तिथे बसलेल्या मराठी माणसाला हे ठाऊक असावं.

आणि यवतमाळ. जानेवारी २०१९ मध्ये तिथे ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण ऐनवेळी मागे घेतलं गेलं आणि महाराष्ट्रभर नाराजी उसळली. मग उद्घाटन झालं वैशाली येडे यांच्या हस्ते. कर्जापायी नवरा गमावलेल्या या बाई कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. वणीचं राजूर वेगळं, कळंबचं वेगळं, जिल्हा एक आणि पीकही एक. मोठमोठ्या लेखकांसमोर त्या व्यासपीठावर शेतकऱ्याच्या घरातल्या बाईचं जगणं त्यांनी मांडलं. हॉर्निमनला ज्यासाठी हद्दपार व्हावं लागलं तो हक्क आणि कॉटन ग्रीनवर ज्याचे ढीग लागत तो कापूस, दोन्ही गोष्टी त्या एका बाईच्या भाषणात एकत्र आल्या. या बागेचा इतिहास मुंबईपुरता सांगणाऱ्यांनी यवतमाळचं ते व्यासपीठही त्यात धरावं.

आज बाग दुपारी भरते. आसपासच्या बँका, कचेऱ्या, न्यायालयांतली माणसं डबे घेऊन झाडांखाली येतात, कोणी वर्तमानपत्र अंथरून आडवं होतं, कोणी फोनवर घरी बोलतं. कोट भागात फुकट, सावलीत, कोणी न उठवता बसता येईल अशा जागा बोटावर मोजण्याइतक्या. भोवतालच्या पडव्यांत २०११-१२ च्या सुमारास परदेशी नाममुद्रांची महागडी दुकानं आली. स्टारबक्सने भारतातलं पहिलं कॉफीगृह ऑक्टोबर २०१२ मध्ये इथल्याच एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये उघडलं. पण लोखंडी कठड्याच्या आत शिरायला अजून काही लागत नाही. हिवाळ्यात संध्याकाळी इथे ‘रुहानियत’चे सुफी आणि भक्ती संगीताचे कार्यक्रम होतात, काळा घोडा महोत्सवाचेही काही होतात. झाडांमधून आवाज चांगला घुमतो.

एवढ्या नावांच्या गर्दीत, गव्हर्नर, पोलीस अधिकारी, वास्तुविशारद, संपादक, दलाल, कापूस पिकवणाऱ्याचंही नाव इथे लागलं पाहिजे. फार काही करायला नको. दाराशी मराठीत एक नीट लिहिलेला फलक, त्यावर वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस या जमिनीवर कुठून कसा आला त्याचा नकाशा, आणि एका कोपऱ्यात वाफ्यात लावलेली देशी कापसाची दहा-पंधरा झाडं. देशी कपाशीचे काही वाण बहुवर्षायू असतात. शहरातली शाळेची मुलं सहलीला आली तर त्यांना फुटलेलं बोंड हातात धरता येईल. अंगावरच्या शर्टाची सुरुवात त्यांनी एकदा बघावी. वारसा समित्या आणि महापालिका कारंजं, दिवे, कठडे यांवर खर्च करतात, ते योग्यच आहे. त्यात हा खर्च दिसणारही नाही.

राजूरहून येणाऱ्याने इथूनच परत फिरू नये. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाऊन हार्बर मार्गाची लोकल धरावी. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, आणि पाचवं स्टेशन कॉटन ग्रीन. कोटातून कुलाब्याला गेलेला कापसाचा बाजार विसाव्या शतकात इकडे, शिवडीच्या बाजूला आला, आणि जुन्या मैदानाचं नाव सोबत घेऊन आला. स्टेशनासमोर कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे. १९२१ साली ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन म्हणून स्थापन झालेल्या आणि आता कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया म्हणवणाऱ्या संस्थेची कचेरी तिथेच. देशातल्या निरनिराळ्या प्रतींच्या रुईचे हजर भाव ही संस्था रोज जाहीर करते. वणीच्या बाजार समितीत कापसाच्या गाड्या लागतात तेव्हा शेतकरी, जिनिंगवाला आणि अडत्या हातातल्या फोनवर ज्या आकड्यांकडे बघत असतात, त्यांत या इमारतीतून निघालेले आकडेही असतात.